साळवे टीचरांचा हिवाळा

मटार गोड लागायला लागले की दिल्लीतली थंडी खरी सुरू झाली, असं माझी आई म्हणायची. नोव्हेंबरातला मटार नुसता हिरवा असतो, चव त्याला डिसेंबरात येते. काल सकाळी मयूर विहारमधल्या आमच्या गेटाबाहेर भाजीवाल्याने एक शेंग फोडून माझ्यापुढे धरली. "चखके देखो मॅडम, एकदम मीठी." दाणे तोंडात टाकले, आणि खरंच गोड होते. समोरचा रस्ता अर्धा धुक्यात होता. मेट्रोच्या पुलाचे खांब दिसत होते, त्यांनी उचललेला पूल मात्र दिसत नव्हता. अशी एखादी सकाळ आली की मला साळवे टीचर आठवतात. दर वर्षी आठवतात, आणि मग दिवसभर मी लोकांच्या पायांकडे बघत राहते.

तो नव्वदच्या दशकाच्या मधला हिवाळा होता. मी ऑक्युपेशनल थेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होते. हे नाव तेव्हा कोणालाच कळायचं नाही. बाबा केंद्र सरकारच्या एका कचेरीत होते. त्यांचे साहेब एकदा आमच्याकडे चहाला आले आणि मला म्हणाले, "अच्छा, ऑक्युपेशनल? मतलब नौकरी लगवाते हैं?" आई बायकांना सांगायची, "व्यायामाचं काहीतरी आहे." मी समजावून सांगायचे की आजाराने माणसाच्या हातून रोजच्या साध्या गोष्टी जातात. आंघोळ, बटण लावणं, भाकरी मोडणं, पेला उचलणं. त्या त्याला परत कशा करता येतील, याची वाट आम्ही शोधतो. एवढं सांगून झालं की लोक मान हलवायचे आणि म्हणायचे, "म्हणजे फिजिओ."

आम्हाला शिकवणाऱ्या सूद मॅडमनी त्या थंडीत प्रत्येकाला एकेक घर दिलं. मेंदूच्या आजारासोबत जगणारं एक माणूस, त्याच्या घरी आठवड्यातून दोनदा जायचं, आणि सुरुवातीला काहीही उपचार करायचा नाही. नुसतं बघायचं. "बीमारी मुझे मत सुनाना," त्या म्हणाल्या, "वो किताब में है. मुझे ये बताओ कि उस घर में चाय कौन बनाता है, और पहले कौन बनाता था." आम्ही हसलो. मला त्यांनी गाझियाबादचा पत्ता दिला. "तुम्हारी भाषा के लोग हैं. मिसेस साळवे. पार्किन्सन्स."

मेट्रो तेव्हा नव्हती. मी बसने निघायचे, मग एका कोपऱ्यावर टेम्पोत बसायचे. टेम्पोत समोरासमोर बसलेल्या माणसांचे गुडघे एकमेकांना लागायचे आणि सगळ्यांच्या तोंडातून वाफ यायची. हिंडन नदी कधी ओलांडली ते धुक्यात कळायचंच नाही, फक्त चाकांचा आवाज बदलायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठे फलक उभे राहत होते. त्यांवर हिरवळीवरून धावणारे आईबाप आणि दोन गोरी मुलं, मागे उंच इमारत. फलकाच्या पायाशी मोहरीचं शेत. शेताचा मालक धुक्यात घोंगडी पांघरून बसलेला असायचा. ती इमारत त्याच्याच जमिनीवर येणार होती. सगळा मुलूख कुठेतरी निघाल्यासारखा वाटायचा, आणि मी दर खेपेला त्याच वाटेने अशा एका बाईंकडे जात होते ज्यांना पहिलं पाऊल टाकायलाच अडचण होती.

साळवे मूळचे नगरचे. साळवेकाका सरकारी नोकरीत दिल्लीला आले आणि निवृत्तीनंतर गाझियाबादच्या तळमजल्यावरच्या घरात स्थिरावले. त्यांच्या पत्नी एस्तेरबाई सरकारी शाळेत पी.टी.च्या शिक्षिका होत्या. अख्खी कॉलनी त्यांना टीचरच म्हणायची, काकासुद्धा. भिंतीवर त्यांचा एक फोटो होता. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, आणि मागे मुलींच्या ओळी, दोरी धरून उभ्या केल्यासारख्या सरळ. "हिचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा," काका म्हणाले. "सव्वीस जानेवारीच्या तालमीला हिला माईक लागत नसे."

त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा स्थिर, डोळे माझ्यावर. मी नमस्कार करून नाव सांगितलं, "मी अनघा." त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि इतक्या हळू काही म्हणाल्या की मला वाकून ऐकावं लागलं. "आता ही मला पी.टी. शिकवणार."

मला वाटलं, यांना मी आवडले नाही. पण काका खो खो हसत होते. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू मंदावतात हे मी वाचलं होतं. माणूस आतून हसतं आणि चेहऱ्यापर्यंत ते पोहोचतच नाही, हे मात्र मला दोन-तीन भेटींनंतर उमगलं. टीचर भयंकर विनोदी होत्या. सगळे विनोद त्या एकाच दगडी चेहऱ्याने सांगायच्या. मग मी शोधायला लागले की यांचं हसू दिसतं कुठे? कुठेतरी दिसत असणारच. ते खांद्यांत सापडलं. हसू आलं की त्यांचे खांदे किंचित वर जात, आणि तिथेच क्षणभर थांबत. पुढे मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघणंच सोडलं, खांद्यांशीच बोलायचे.

सूद मॅडमचा प्रश्न मी तिसऱ्या भेटीत विचारला. चहा कोण करतं? काकांनी छाती पुढे काढली. "मीच करतो. चहा मी, भाजी मी, हिची वेणीही मीच घालतो. तिला कशाला त्रास?"

टीचर म्हणाल्या, "मला त्रासही ठेवला नाही यांनी."

काका हसले. या वेळी टीचरांचे खांदे हलले नव्हते. मी ते पाहिलं, पण मला नुसतंच बघायची परवानगी होती.

त्या दिवशी उन्हात मटार सोलायला बसलो. घरापुढे हातभर अंगण होतं, त्यात खाट टाकलेली. दिल्लीच्या हिवाळ्यातलं ऊन पातळ असतं, ते शोधत खाट दर तासाला सरकवावी लागते. काका सोलत होते, टीचर बघत होत्या. मला राहवलं नाही, मी शेंगांची परात उचलून सरळ टीचरांच्या मांडीवर ठेवली. काका म्हणाले, "अगं, तिला नाही..." आणि थांबले. टीचरांनी शेंग उचलली. अंगठा शेंगेच्या टोकावर ठेवला. तो तिथेच राहिला. उजवा हात बारीक थरथरत होता. मनात आलं, पुढे होऊन मीच ती शेंग फोडावी, आणि काकांच्या मनात रोज काय येत असेल तेही त्याच क्षणी कळलं. मग टच् आवाज झाला, शेंग उघडली, आणि दाणे भराभर परातीत पडले. दुसऱ्या शेंगेलाही तसंच. सुरुवातीला खूप वेळ काहीच नाही, आणि एकदा सुरू झालं की सगळं सरळ. मला फार नवल वाटलं. त्यांच्या हातातली शक्ती गेलेली नव्हती, कौशल्य गेलेलं नव्हतं. गेली होती ती सुरुवात. आपण दिवसभरात किती गोष्टी सुरू करतो आणि त्या सुरू झाल्याचं आपल्याला कळतही नाही, याचा मी त्यापूर्वी कधी विचारच केला नव्हता. टीचरांनी सोललेल्यातले निम्मे दाणे कच्चेच खाल्ले. त्यांचे खांदे वर होते.

गोळ्यांचंही एक हवामान असायचं त्या घरात. गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने टीचर उन्हासारख्या उघडायच्या, आवाज मोठा व्हायचा, हात हलके व्हायचे. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की सगळं पुन्हा धुरकट. मी ते बघायला शिकले. आणि चालणंही बघायला शिकले, कारण त्यात एक गंमत होती. घरात टीचर बऱ्या चालायच्या. हळू, थोड्या वाकून, पण चालायच्या. तपासणीसाठी आमच्या कॉलेजच्या इस्पितळात आल्या की तिथल्या लांबलचक गुळगुळीत कॉरिडॉरमध्ये त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. टाचा थरथरायच्या, पाऊल उठायचं नाही. काका म्हणायचे, "घरी येतं हिला. इथे घाबरते." आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं होतं.

त्यांचा मुलगा विजय एका परदेशी कॉम्प्युटर कंपनीत होता. कमरेला पेजर, अंगात लोकरी ब्लेझर, नाकीडोळी अगदी आईसारखा. त्याने नोएडाच्या टोकाला एका नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता आणि आईवडिलांना तो तिकडे नेणार होता. एका रविवारी त्याने चकचकीत पत्रक उघडून आईसमोर धरलं. "आई, लिफ्ट आहे. लाइट गेली तर जनरेटर. बाथरूममध्ये गीझर. आणि हॉल बघ, एकसंध पांढरा संगमरवर. एकसुद्धा सांधा दिसणार नाही."

टीचर म्हणाल्या, "मला इथेच बरं आहे रे."

"इथे काय आहे?"

"नाताळाला करंज्या खायला कॉलनी येते. तिथे कोण येणार?"

"तिथेही माणसंच राहतात, आई."

तो चांगला मुलगा होता. आईला थंड पाण्यात हात घालावा लागू नये, एवढ्याचसाठी त्याची धडपड चालली होती. मला दोघांचंही पटत होतं आणि कोणाच्याच बाजूने काही बोलता येत नव्हतं.

जानेवारीत नव्या घराची प्रार्थना ठेवली. मलाही आग्रहाने बोलावलं. इमारत इतकी नवी होती की जिन्यात अजून ओल्या चुन्याचा वास येत होता. लिफ्टला वीज मिळाली नव्हती आणि फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. विजय कासावीस झाला. "खुर्चीवर बसवून उचलून नेऊया." टीचरांनी कठड्याला हात लावला आणि चढायला लागल्या. एकेक पायरी, सावकाश, पण कुठेही न अडता. खाली उभे असलेले विजयच्या ऑफिसातले लोक म्हणाले, "वाह आंटी जी!" कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काकांचे डोळे भरून आले होते.

आणि दारात त्या थिजल्या.

दार उघडं होतं. आत तो पांढरा हॉल, खिडकीतून येणाऱ्या उजेडात तळ्यासारखा सपाट. पास्टर हातात बायबल घेऊन उभे, मागे पाहुणे, केकचं टेबल. टीचर उंबरठ्यावर उभ्या. टाचा थरथरल्या, पाऊल उठेना. विजय म्हणाला, "आई, ये ना." पाहुणे म्हणाले, "आइए आंटी, आइए." जितकं जास्त लोक बोलावत होते तितके पाय घट्ट होत होते. विजयने हात धरून हलकेच ओढलं. धड पुढे आलं, पाय मागेच राहिले. काकांनी मागून सावरलं नसतं तर त्या तोंडावर पडल्या असत्या. शेवटी खुर्ची आणून त्यांना त्यात बसवून आत नेलं. प्रार्थना झाली. टीचरांचा चेहरा नेहमीसारखाच होता, आणि म्हणून त्यांना काय वाटतंय हे तिथे कोणालाच कळलं नाही.

विजयने मला स्वयंपाकघरात गाठलं. हळू आवाजात, पण आवाज फुटत होता. "तुम्ही बघितलंत ना? दोन मजले चढली. जिना चढता येतो आणि हॉल ओलांडता येत नाही? असा कुठला आजार असतो, सांगा मला."

मी मनातल्या मनात पुस्तकाची पानं चाळायला लागले.

"तिला इथे यायचंच नाहीये," तो म्हणाला. "मग सरळ नाही म्हणावं. सगळ्यांसमोर असं कशाला?"

परतीच्या बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात घोळत होता. विजय तो रागाने बोलला होता, पण प्रश्न फार चांगला होता. असा कुठला आजार असतो, जो अवघड गोष्ट करू देतो आणि सोपी अडवतो?

पुढच्या भेटीत काका बाजाराला गेले होते. टीचर आणि मी दोघीच. त्या म्हणाल्या, "अनघा, विजय म्हणतो ते खरं असेल का गं?"

"काय?"

"मला इथून जायचं नव्हतं, हे तर खरंच आहे. मग माझे पाय माझं ऐकूनच थांबले असतील." त्यांचा आवाज अगदी आत गेला. "शाळेत परेड नको म्हणून मुली पोटदुखीचं सोंग करायच्या. मी एका नजरेत ओळखायचे. आता माझंच मला ओळखता येईना. मी सोंग करतेय की काय?"

पुस्तकात थरथर होती, मंदपणा होता, ताठरपणा होता. स्वतःवरचाच विश्वास उडणं कुठल्याच धड्यात नव्हतं. मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही. "टीचर, जरा चाला बरं," मी म्हटलं. "स्वयंपाकघरापर्यंत. मला बघायचंय."

त्या उठल्या, चालल्या. आणि मी पहिल्यांदा त्यांचं चालणं खालून, फरशीच्या उंचीवरून पाहिलं. त्या घराची फरशी जुन्या पद्धतीची होती, एक लाल, एक पिवळट, बुद्धिबळाच्या पटासारखी. टीचरांचं पाऊल दर वेळी रंग बदलण्याच्या जागी उचललं जात होतं आणि पुढच्या चौकोनात पडत होतं. लाल, पिवळा, लाल, पिवळा. फक्त पलंगापाशी, जिथे एकरंगी करडा गालिचा होता, तिथे पाय घासत तुरुतुरु झाले. तिथे काका नेहमी हात द्यायचे. इतके दिवस मी हे सगळं बघत होते आणि तरी बघितलं नव्हतं.

काका येताच मी त्यांना एक साधं, पट्टा नसलेलं ब्लँकेट मागितलं. दोघांनी मिळून ते स्वयंपाकघराच्या वाटेवर पसरलं, कडा ताणून पायांखाली दाबून धरल्या. "या टीचर." त्या आल्या, ब्लँकेटच्या काठाशी पोहोचल्या, आणि पाय चिकटले. काका घाबरून पुढे व्हायला लागले. मी म्हटलं, "टीचर, तुम्हाला स्वयंपाकघरात जायचंय की नाही?"

"जायचंय ना. चहा प्यायचाय."

"इथे कोणी पाहुणे आहेत? हे घर सोडून कुठे जायचंय?"

त्या ब्लँकेटकडे बघत राहिल्या. आणि त्यांचे खांदे वर गेले.

काकांनी मग आपण होऊन आतून एक सतरंजी आणली, पानिपतची, निळ्या-पांढऱ्या रुंद पट्ट्यांची. ती ब्लँकेटच्या जागी अंथरली, पट्टे आडवे येतील अशी. टीचर त्यावरून पट्टा ओलांडत ओलांडत पलीकडे गेल्या. आम्ही सतरंजी फिरवली, आता पट्टे त्यांच्या वाटेच्या दिशेने उभे. टीचर काठाशी अडल्या. काका डोक्याला हात लावून म्हणाले, "अरे, सतरंजी तीच, पट्टे तेच!"

"पुन्हा फिरवा," टीचर म्हणाल्या. आवाज एकदम पी.टी.चा. "एकदा झालं म्हणजे काही सिद्ध होत नाही."

आम्ही ती सतरंजी किती वेळा फिरवली ते आठवत नाही. काकांना धाप लागली. मी इतकी खूश होते की खोलीभर नाचावंसं वाटत होतं, आणि त्याचबरोबर थोडी भीतीही वाटत होती. आपल्या आत, आपल्याला न सांगता, कोणीतरी प्रत्येक पाऊल आखून देत असतं. तो आखणारा थकला की समोर आडवी रेघ असली तरी पुरते, डोळे ते काम अंगावर घेतात. जिन्यात तर प्रत्येक पायरी ही रेघच. दुसऱ्या दिवशी सूद मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "किताब में इस पर दो लाइनें हैं. पढ़ी नहीं थीं?"

"पढ़ी थीं, मॅडम."

"हाँ. पढ़ी थीं. देखीं अब." आणि मग त्यांनी विचारलं, "बेटे को बताया?"

विजयला टीचरांनीच दाखवलं. मला एक शब्द बोलू दिला नाही. आधी ब्लँकेट, मग सतरंजी आडवी, मग उभी. तो ब्लेझर घालून खुर्चीच्या कडेवर बसला होता. बघून झालं. मग उठून आईसमोर उकिडवा बसला, तिच्या चपलेवर हात ठेवला आणि म्हणाला, "आई, तिकडे रेघा मारूया. रंग कुठला हवा?"

"ग्राउंडवर मी चुन्याच्या मारायचे," टीचर म्हणाल्या. "पण पांढऱ्यावर पांढरं दिसायचं कसं? लाल आण."

पुढच्या रविवारी विजयने त्या पांढऱ्या हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून इलेक्ट्रिशियन वापरतात ती लाल टेप चिकटवली. दारापासून सोफ्यापर्यंत, सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत. जुन्या घरातल्या फरशीचं माप तो कागदावर घेऊन आला होता. पॉलिशवाला काम थांबवून म्हणाला, "साहब, मार्बल पे निशान रह जाएगा." विजय मान वर न करता म्हणाला, "रहने दो." टीचर दारात खुर्चीवर बसून देखरेख करत होत्या. "वाकडी आली ती. काढ. परत लाव." आणि तो काढत होता, परत लावत होता. त्या दिवशी त्या दारातून आत आल्या त्या स्वतःच्या पायांनी. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

दोघं तिकडे राहायला गेली, पण रेघांनी सगळं सुटलं नाही, हेही सांगायला हवं. गोळीचा असर उतरला की रेघ असूनही पाय अडायचे. वळताना अडायचे. फोन वाजला आणि कोणी "आई, घे ना" म्हणालं की हमखास अडायचे. जुन्या कॉलनीतल्या बायका पहिल्या महिन्यात एकदा येऊन गेल्या, मग त्यांचं येणं राहून गेलं. टीचरांनी करंज्यांबद्दल म्हटलं होतं ते खरंच ठरलं. पण चहा त्या करायला लागल्या. पहिल्या दिवशी मी काकांना हात मागे बांधून उभं राहायला सांगितलं. शिक्षा झालेल्या मुलासारखे ते ओट्याशी उभे होते. दूध उकळून बाहेर आलं, साखर सांडली, आणि काकांचे मागे बांधलेले हात प्रत्येक वेळी सुटत होते आणि पुन्हा बांधले जात होते. चहा कपात कमी आणि बशीत जास्त होता. काका प्यायले आणि म्हणाले, "गोड झालाय." टीचर म्हणाल्या, "उद्या कमी घालीन." उद्या म्हणताना त्यांचा आवाज मला नेहमीपेक्षा स्पष्ट ऐकू आला.

त्यानंतर किती घरं पाहिली. गुडगावात, नोएडात, इंदिरापुरममध्ये, उंच उंच इमारतींत. फरशा दर वर्षी जास्तच चकाकत गेल्या. मी दारात चपला काढता काढता आधी जमिनीकडे बघते, मग माणसाकडे. लोक विचारतात, "मॅडम, पाहुणे आले की ही टेप काढता येईल ना?" मी त्यांना रागवत नाही. घर कसं दिसतं यात माणसाचा जीव अडकलेला असतो. टीचर त्यानंतर बरीच वर्षं होत्या. शेवटी रेघाही कामाच्या राहिल्या नाहीत, आणि मग आम्ही दुसरं काही शोधत राहिलो, मग तिसरं. औषधाने हा आजार बरा होत नाही हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण आजार आणि माणूस यांच्यामध्ये इतकी जागा असते, आणि त्या जागेत इतकं काही करता येतं, हे मला त्या हिवाळ्याने शिकवलं. ते अजून शिकून संपलेलं नाही.

त्या थंडीतली माझी शेवटची भेट फेब्रुवारी सरताना झाली. धुकं विरलं होतं, स्वेटर हातावर घ्यावा इतकं ऊन तापायला लागलं होतं. परीक्षा जवळ आल्या होत्या. मी लिफ्टने वर गेले तर दार नुसतं लोटलेलं. काका दुपारचे झोपले होते. टीचर हॉलमध्ये नव्हत्या, स्वयंपाकघरात नव्हत्या, बाल्कनीतही नव्हत्या. मी लिफ्टची वाट न बघता जिना उतरले. वॉचमन म्हणाला, "आंटी? वो तो उधर गई हैं. अकेली." त्याने सोसायटीच्या मागच्या बाजूला बोट केलं.

तिथे भिंत अजून पुरी व्हायची होती. भिंतीपलीकडे गावाकडे जाणारी विटांची वाट आणि तिच्या कडेला मोहरीचं शेवटचं उरलेलं शेत, फुलांनी पिवळंधमक. त्या वाटेच्या मध्यावर टीचर उभ्या होत्या. निश्चल. हात अंगाशी, मान जरा पुढे. एक पंजाबी बाई त्यांचा दंड धरण्यासाठी हात पुढे करत होत्या. मी धावले. डोक्यात सगळं शिकलेलं एकदम गर्दी करत होतं. ओढायचं नाही, घाई करायची नाही, त्यांच्या पावलापुढे आपलं पाऊल आडवं ठेवायचं आणि ते ओलांडायला सांगायचं.

"टीचर, मी आले," मला धाप लागली होती. "घाबरू नका. मी पाय पुढे ठेवते, तुम्ही फक्त..."

त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. खांदे वर होते.

"अडकले नाहीये गं," त्या म्हणाल्या. "थांबलेय."

शेतावरून वारा आला, आणि सगळं पिवळं रान एका बाजूला झुकून पुन्हा सरळ झालं. टीचर बघत होत्या. माझी धाप ओसरेपर्यंत मीही त्यांच्या शेजारी उभी राहिले. मग त्यांचं बघून झालं, आणि त्या आपण होऊन पुढे निघाल्या.